जुना फिल्टर जमा केला आणि पंचाईत झाली

माझे वडील एकतीस वर्षं बस डेपोत मेकॅनिक होते. बस फाटकातून आत आली की नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, हिचं काय दुखतंय. अशा माणसाला एक एअर फिल्टर आणायला सोळा दिवस लागले. कुणाला सांगितलं तर हसतात. मला तेव्हाही हसू आलं नाही आणि आताही येत नाही.

डेपोत बाबांनी हजारो फिल्टर बदलले असतील, पण निवडला एकही नव्हता. तिथली पद्धतच तशी. जुना पार्ट स्टोअरच्या खिडकीत जमा करायचा, स्टोअरकीपर त्याच्याकडे बघून तसाच नवा काढून द्यायचा. जुना जमा नाही तर नवा नाही. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की घरी आईने नवा साबण मागितला तर म्हणायचे, आधी जुनी चिपटी दाखव. आई म्हणायची, चिपटीने तुमचेच शर्ट धुतलेत, आता शर्ट दाखवू का?

आईच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि तिला अर्ध्या तासाच्या वर बसवेना. झोपून राहिली की बरी असायची. म्हणून निवृत्त झाल्यावर बाबांनी कुणाकडून तरी जुनं मोटरहोम घेतलं. पुढे ड्रायव्हरची सीट, मागे छोटा ओटा, दोन कपाटं आणि खिडकीला लागून पलंग. गल्लीतल्यांना वाटलं, म्हातारपणी हौस सुचली. खरी गोष्ट एवढीच होती, की झोपून प्रवास करता येईल अशी दुसरी गाडी आमच्या आवाक्यात नव्हती.

आणि आईला एकच प्रवास करायचा होता. तिची मोठी बहीण, माझी मावशी, चारशे किलोमीटरवर राहते, दगडखाणींच्या भागात. मावशी माणसं विसरायला लागली होती. फोनवर तर फारच गोंधळायची, कानाशी कोण बोलतंय तेच तिला कळायचं नाही. मावसभावाचा फोन आला, ''सकाळच्या वेळी अजून ओळखते. काल तुझ्या आईचं नाव घेऊन विचारत होती, कधी येणार म्हणून. यायचं तर आता या.'' आईने त्याच दिवशी बॅग भरली.

निघायच्या आदल्या सकाळी बाबांनी इंजिन तपासायला घेतलं. इंजिन आत ओढतं त्या हवेतली धूळ अडवायला कागदाच्या चुण्यांचा फिल्टर असतो, तो उंदरांनी कुरतडून त्यात घर केलं होतं. बाबा म्हणाले, ''तासाभराचं काम.'' फिल्टर पिशवीत घातला आणि दुकानात गेले. काउंटरवर ठेवला, सवयीप्रमाणे म्हणाले, ''हा जमा करा, नवा द्या.'' दुकानदाराने नवा शोधायचा म्हणून गाडीचं नाव आणि साल विचारलं. बाबांनी कागदपत्रांवरचं साल सांगितलं. दुकानदार म्हणाला, मागवावा लागेल. जुन्याला उंदराचा वास मारत होता, तो त्याने भंगारात टाकला आणि दुपारी भंगारवाला तो घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी फिल्टर आला. इंजिनावर फिल्टर बसवायची पेटी असते, तिच्यात ठेवला तर चारी बाजूंनी बोटभर फट. परत केला, दुसरा मागवला. मधे सुट्टी आली. आठव्या दिवशी दुसरा आला. हा लांबीरुंदीला अगदी बरोबर, झाकणही बसलं. मी म्हटलं, चला, सुटलो. बाबांनी झाकण पुन्हा उघडलं, वर्तमानपत्राची पट्टी फाडून फिल्टर आणि झाकणाच्या मधे धरली, झाकण लावलं आणि पट्टी ओढली. पट्टी सहज बाहेर आली.

''उंचीला कमी आहे. कड दाबली जात नाहीये,'' बाबा म्हणाले.

''किती कमी?''

''चार-पाच मिलिमीटर.''

मी डोक्याला हात लावला. म्हटलं, ''बाबा, टेप लावा, फोम चिकटवा, काहीही करा, पण निघा.'' ते म्हणाले, शेवटचे साठ किलोमीटर खाणींची धूळ आहे, फटीतून गेली तर इंजिन आतून घासून निघेल, आईला घेऊन रस्त्यात उभे राहू. मी म्हटलं, मग ॲम्ब्युलन्स करू. त्यावर आई पलंगावरून बोलली, ''ताईच्या दारात ॲम्ब्युलन्समधून उतरू? मला बघायच्या आधी तिचं काळीज फाटेल.'' झालं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि गाडी अंगणात उभी. संध्याकाळी मावसभावाचा फोन आला, आज तिने मलाच विचारलं, तू कोण. आईने फोन ठेवला आणि भरलेल्या बॅगेतून शाल काढून पुन्हा नीट घडी करून आत ठेवली. मला बाबांचा इतका राग आला, की मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

तो राग मी दुकानदारावर काढला. गेले आणि नको नको ते बोलले. नमुना हातात होता, तो टाकलातच कसा, एवढी साधी अक्कल नाही का. तो बिचारा शांतपणे म्हणाला, ''ताई, तुमच्या वडिलांनीच जमा करा म्हणून सांगितलं. मी तरी मोजून ठेवायला हवा होता, ते चुकलंच. पण साल आणि मॉडेल त्यांनी दिलं, त्याप्रमाणे यादीत हे दोनच निघतात. तिसरा नाही.'' मी तोंडात मारल्यासारखी परत आले.

बाबा अंगणात पेटी मांडीवर घेऊन बसले होते. इंच-इंच मोजून कागदावर लिहीत होते, तेही दहाव्यांदा. आई गाडीतल्या पलंगावर पडून होती. ती हल्ली तिथेच पडून राहायची, म्हणे घरातल्या खाटेपेक्षा बरं वाटतं. मला माहीत होतं, तिला निघाल्यासारखं वाटायचं. तिने आतून विचारलं, ''अहो, हे कपाट, हा पलंग, हे गाडीच्या कंपनीने केलंय?''

''नाही. कंपनी नुसतं पुढचं तोंड, इंजिन आणि चासी, म्हणजे खालचा सांगाडा, देते. वरचं घर दुसरा कारखाना बांधतो.''

''मग कागदावर साल कुणाचं आहे? गाडीचं की घराचं?''

बाबांच्या हातातली मोजपट्टी तशीच राहिली. ते उठले, ड्रायव्हरच्या सीटखालची रबरी मॅट उचलली, चिंधीने पत्रा पुसला आणि चासी नंबर वाचला. दुकानदाराला फोन लावला. चासी कागदावरच्या सालापेक्षा अडीच वर्षं जुनी निघाली. घर बांधणाऱ्या कारखान्यात ती तेवढे दिवस पडून होती, आणि मधल्या काळात कंपनीने नव्या गाड्यांचं इंजिनच बदललं होतं. आम्ही बारा दिवस घराच्या वयाचा फिल्टर शोधत होतो, आणि इंजिन होतं वेगळंच. बसही अशीच दोन ठिकाणी अर्धी-अर्धी बनते, पण डेपोच्या खिडकीत साल कुणी विचारत नाही, जुना पार्ट दाखवला की झालं; बाबांना हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. हे मला आज समजतं. त्या दिवशी मी एवढंच म्हटलं, ''एकतीस वर्षं काय केलंत?'' त्यांनी सीटखालची मॅट परत नीट बसवली. ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं.

सोळाव्या दिवशी फिल्टर आला. कागदाची पट्टी ओढली, ती फाटली पण निघाली नाही. सतराव्या दिवशी पहाटे निघालो आणि दुपारी पोचलो. खाणींची धूळ खिडक्यांवर इतकी बसली होती, की आईला बाहेरचं काही दिसत नव्हतं. इंजिन मात्र एकदाही कुरकुरलं नाही. बाबा बरोबर होते, हे मला मान्य करावं लागलं, आणि त्याने राग काही कमी झाला नाही.

मावशी पुढच्या खोलीत खुर्चीवर होती. केस नीट विंचरलेले, अंगावर इस्त्रीची साडी. मावसभाऊ म्हणाला, ''आई, बघ कोण आलंय.'' मावशीने आईकडे पाहिलं आणि पाहुण्यांकडे बघून हसतात तशी हसली.

''या, बसा. तुम्हाला त्रास झाला असेल येताना, धूळ फार आमच्याकडे.''

आई तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. मी उशी द्यायला पुढे झाले, तिने हातानेच नको म्हटलं.

''माझी धाकटी बहीण यायचीय,'' चहा झाल्यावर मावशी तिला सांगू लागली. ''रोज वाट बघते मी. तिच्या नवऱ्याची गाडी बिघडलीय म्हणे. त्याला काही पार्ट मिळत नाहीये.''

बाबा दारातच होते, हातात आईची बॅग. त्यांनी ती खाली ठेवली नाही.

''मिळाला,'' आई म्हणाली. ''निघालीय ती.''

''हो? मग तुम्ही थांबा ना थोडं. तिला भेटूनच जा. फार चांगली आहे हो ती.''

आईला तेव्हा बसून अर्धा तास होत आला होता. पाठीची कळ तिच्या तोंडावर दिसत होती.

''थांबते की,'' ती म्हणाली, आणि तिने मावशीचा हात आपल्या मांडीवर घेतला.