पूजेला बसलेली घंटा

ती घटना आजही आठवते आणि आजही मी ठामपणे म्हणतो, तो गुन्हा नोंदवला ते बरोबरच केलं. वरिष्ठ हसले होते. "चाकणला ट्रक चोरीला जातायत आणि तुम्ही शाळेची घंटा शोधताय?" हसू देत.

कुरुळीजवळच्या एका वस्तीतल्या शाळेची जाड, थाळीसारखी पितळी घंटा रात्रीतून नाहीशी झाली होती. व्हरांड्याच्या कुलपाची किल्ली शिपाईमामांकडे, म्हणून संशय त्यांच्यावर. त्यांची नोकरी जायची वेळ आली होती. चौकशीत ते माझ्यावरच उखडले, "साहेब, घंटा इकून उद्या वाजवू काय, कपाळ?" चोर सहसा मऊ बोलतो. भंगारवाले पालथे घातले, हाती काही लागलं नाही.

मग सहावीतली एक मुलगी ठाण्यात येऊन बाकावर बसली. "मामा चोर न्हाईत. माझा जबाब लिवून घेतल्याबिगर मी उठायची न्हाई." बिस्किटं दिली, ती संपवली, तरी हलेना. शेवटी जबाब घेतला. शाळेसमोरचा वर्कशॉपवाला दर खंडेनवमीला मशिनांची पूजा करून पोरांना पेढे वाटायचा. यंदा मात्र म्हणाला होता, पोरं आत नकोत.

आमंत्रण मलाही होतं. ठाण्यातली शस्त्रपूजा उरकून मी हवालदारासह, सगळी पोरं घेऊनच गेलो. मालक दारात आडवा. "साहेब, गर्दी होईल."

"होऊ दे. माझ्याबरोबर आलीत."

आत लेथ, ड्रिल, पाने, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा. खिळ्याला एक हिरवी चकती टांगलेली, तिलाही माळ. "जुनी पुली," मालक घाईने म्हणाला. मुलीने नारळ उचलला आणि चकतीवरच हाणला.

ठण्ण!

सगळी पोरं हात जोडून प्रार्थनेच्या रांगेत उभी! माझा हवालदार त्याच शाळेचा, तोही रांगेत.

मालकीणबाई भाबडेपणाने म्हणाल्या, "पोत्यामागं पडली व्हती. आज कुठलंच हत्यार बिनपूजेचं ठेवू नये, म्हनून मीच टांगली." मग मालकाने सगळं कबूल केलं. रात्रभर मशीन चालवून सकाळी झोपलं की ती घंटा त्याला उठवायची. व्हरांड्याचं कुलूप पूर्वी त्यानेच दुरुस्त केलं होतं, एक किल्ली स्वतःकडे ठेवली होती.

मी कोर्टाची परवानगी मिळवून घंटा शाळेला परत दिली. गरिबाच्या इज्जतीची केस छोटी नसते, हे मी तिथे शिकलो. ओळखू येऊ नये म्हणून मालकाने फासलेला रंग हवालदार खरवडायला निघाला, तेव्हा मामांनी त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या हिरवी. मला चोर म्हनले त्यास्नी रोज दिसू दे."