उसनी शांतता

नाशकात शांतता कुठे मिळते, हे आमच्या थोरल्या मेहुण्यांइतकं कुणालाच ठाऊक नाही. देवळं, बागा, ध्यानवर्ग ही त्यांच्या मते नवशिक्यांची ठिकाणं. ते मार्केट यार्डात पालेभाजीचा लिलाव पुकारतात. संध्याकाळभर मेथी-कोथिंबिरीच्या ढिगांमध्ये उभं राहून ओरडायची इतकी सवय, की जेवताना त्यांनी मीठ मागितलं तर शेजारीण बरणी घेऊन दारात यायची. त्यात घरी आमच्या सासूबाई. त्यांना कमी ऐकू यायचं, आणि म्हणून सगळ्या जगालाच कमी ऐकू येतं असा त्यांचा ठाम समज. लेकाला त्यांनी स्वयंपाकघरातून हाक मारली की गल्लीतले चौघे ‘ओ’ द्यायचे.

दिवसाकाठी दोन मिनिटं आपल्याला कुणी हाक मारू नये, एवढंच मेहुण्यांचं मागणं. मध्यंतरी ते एटीएमच्या खोलीत जाऊन उभे राहत. कार्ड घालायचं आणि काहीच दाबायचं नाही. “दाजी, ते मशीन इचारतं, आणखी वेळ पाहिजे का? इतक्या मायेनं मला आजवर कोणी इचारलं नाय.” पुढे मागची रांग बोंबलायला लागली आणि ते ठिकाण सुटलं.

मग त्यांना दशक्रियेचा शोध लागला. लोक सिनेमाच्या जाहिराती बघतात तसे ते चौकातले श्रद्धांजलीचे फलक वाचू लागले. स्कूटरच्या डिकीत धुतलेली पांढरी टोपी कायम तयार. सकाळी घाटावर जायचं, पुढाऱ्यांची भाषणं मुकाट्यानं सोसायची आणि शेवटची दोन मिनिटांची स्तब्धता पदरात पाडून घ्यायची. “एवढी माणसं हायेत, पण एकाचा फोन वाजत नाय. लय भारी वाटतं.” मयत कोण, याच्याशी त्यांचा संबंध नसे; पण चेहरा असा पाडत, की घरचीच माणसं त्यांची समजूत घालत. एकदा याच चेहऱ्यानं घात केला. सूत्रसंचालकानं त्यांना जवळचे स्नेही समजून थेट माईक हातात दिला. मेहुणे क्षणभर गडबडले आणि मग गहिवरून म्हणाले, “आबा मला आयुष्यात कधी एका शब्दानं बोलले नाहीत.” मंडपात हुंदके फुटले. मी नंतर त्यांना फैलावर घेतलं, तर म्हणाले, “यात खोटं काय हाय, दाजी?”

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. दहाव्याला घाटावर सगळा गोतावळा जमला. भाषणं झाली आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची सूचना झाली. मी मेहुण्यांकडे बघत होतो. या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी सवयीनं डोळे मिटले, पण लगेच उघडले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पुन्हा मिटले. मग यार्डभर आवाज घुमवणारा तो माणूस जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, “पुरे करा हो. कोणीतरी बोला ना.”

माझी बायको पुढे झाली, तिनं भावाचा हात धरला आणि सगळ्यांदेखत त्याला झापायला सुरुवात केली. सकाळपासून चहा नाही घेतलास, औषध नाही घेतलंस, असा अवतार करून कुणी येतं का, वगैरे वगैरे. आवाज अगदी सासूबाईंच्या पट्टीतला. मेहुणे मान डोलावत ऐकत राहिले आणि रडत राहिले.

हल्ली ते दहाव्यांना जात नाहीत. रविवारी आमच्याकडे येतात. हॉलमध्ये मी पंखा लावून, टीव्ही बंद करून त्यांची वाट बघत असतो. पण ते तिथे टेकतही नाहीत. थेट स्वयंपाकघरात जातात, ओट्याजवळ स्टूल ओढून बसतात आणि बहिणीला म्हणतात, “तू बोल गं. काहीबी बोल.”