पाणी घालणारा वाजिद

उदगीरला देवणी रोडवर वाजिदचं बॅटरीचं दुकान आहे. दुकान कसलं, पत्र्याची टपरीच. पण ट्रॅक्टरची असो की इन्व्हर्टरची, मान टाकलेली बॅटरी त्याच्या हातून बहुधा जिवंत होऊनच घरी जाते. शेजारच्या औषध दुकानाच्या एसीतून ठिबकणारं पाणी तो कॅनमध्ये धरतो आणि तेच बॅटरीत भरतो, कारण त्यात बोअरच्या पाण्यासारखे क्षार नसतात. गिऱ्हाईक कुरकुरतं, "पानी काय घालून राहिला? अ‍ॅसिड टाक की!" वाजिद नुसता हसतो. उडून जातं ते पाणी, अ‍ॅसिड आत तसंच राहतं. मग जे कमी झालं तेच भरायचं की नाही?

ही साधी गोष्ट त्याच्या घरातच पटत नव्हती. त्याच्या बापानं देवणी जातीच्या गाई पाळून जन्मभर दुधाचे रतीब घातले. दुधात पाण्याचा थेंब म्हणून मिसळला नाही. वाजिदच्या म्हाताऱ्या आईला, अमीरबीला, त्याचा कोण अभिमान! एक दिवस शेजारच्या सरजाबाई बोलून गेल्या, "तुझा वाजिद पानी घालून पैसे घेतो म्हनं."

झालं! अमीरबी भांडली नाही, की तिनं काही विचारलंही नाही. वाकळा शिवून मिळालेल्या पैशातून तिनं स्वतःपुरतं पीठ आणलं, वेगळ्या डब्यात ठेवलं आणि लेकाच्या कमाईची भाकरी सोडली.

वाजिदला ते फार लागलं. शिव्या देणाऱ्याला उत्तर देता येतं. आई आपल्या घरचं खात नाही, याला माणूस काय उत्तर देणार? त्यानं शपथा घेऊन पाहिल्या. ती एवढंच म्हणाली, "तेजाब महाग, पानी फुकट. मला समजतं बेटा."

शेवटी एका दुपारी तो टॉर्चचे तीन सेल, दोन वायरी आणि एक इवलासा लाल दिवा घेऊन तिच्यापुढे बसला. स्वयंपाकघरातलं लिंबूसत्त्व वाटीत ओतलं.

"हे बी तेजाबाच्याच, अ‍ॅसिडच्याच जातीचं हाय, अम्मी."

सेल आणि दिवा वायरींना जोडून त्यांची मोकळी टोकं त्या कोरड्या खड्यांत खुपसली. दिवा ढिम्म. दुसऱ्या वाटीत एसीचं पाणी घेतलं, त्यात टोकं बुडवली. तरी अंधारच.

"आता बघ." त्यानं खडे पाण्यात टाकून ढवळले. दिवा लागला.

अमीरबी पुढे सरकली. "हे कसं रे?"

"कोरडं असतं तवर ते आपल्यातच घट्ट धरून बसतं. पान्यात गेलं की त्याचे बारीक तुकडे सुटे होतात. ते तुकडेच करंट इकडून तिकडं नेतात. बॅटरीत बी हेच. पानी आटलं की तेजाब असून उपेग न्हाई."

"म्हंजे पानी घालणं चोरी न्हाई?"

"न्हाई अम्मी."

 अमीरबी गुडघ्यावर हात देऊन उठली, आपल्या डब्यातलं पीठ घरच्या डब्यात ओतलं आणि तवा चढवला.

"सरजाबाईला बी दाखव हे," पाठमोरीच म्हणाली. "आन बस आता. दोघांच्या भाकरी टाकते."

वाजिदचं जेवण मघाशीच झालं होतं. तरी तो ताट घेऊन बसला.