राजाला मारण्याआधी

आमच्या गावच्या यात्रेत जे नाटक होतं, त्यात राजा व्हायचा मान सरपंचाचा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करणारा माझा शेजारी यंदा सरपंचपदाला उभा होता. स्वभावानं उतावळा, निकालाआधीच राजाची भाषणं पाठ करून बसलेला. निवडणुकीत पडला, आणि वाट्याला आला तो हेव्यानं जळून राजाचा खून करणारा सेनापती.

"लई शोभतंय," लोक हसले. तो मिशीवर बोट फिरवत "बघू" म्हणाला. कुणी काही विचारलं तरी त्याचं उत्तर बहुधा तेवढंच असतं.

खुनाच्या प्रवेशात सरपंच भाषण विसरले. मागं खंजीर उपसून हा उभा, समोर हसायला टपलेलं गाव. मी पडदा ओढायला विंगेत होतो, म्हणून मला ऐकू आलं. ओठ न हलवता हा राजाला त्याचं भाषण सांगत होता. भाषण पुरं झालं, टाळ्या पडल्या, मगच त्यानं खंजीर चालवला. माझी छाती उगाच फुगली.

"सरपंचाला पडू द्यायचं होतंस की," नंतर मी म्हणालो.

"पाडणार की, पुढच्या इलेक्शनला," तो तोंडावरचा रंग पुसत म्हणाला. "पर पिंपरी पेंढार गावचं पावणं बसल्यालं. त्यांच्याम्होरं आपल्या गावचा राजा मुक्यानं मरायचा न्हाई, राव."