नवऱ्याचं मोडेम कार्ड आणि माझी मुलाखत

खांदेश्वरच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा घरात इंटरनेट नव्हतं. बाहेरून केबल ओढली तर बिल्डिंगची शोभा जाईल म्हणून सोसायटीने परवानगी अडवून धरली होती. आणि लेक शाळेत जायला लागल्यावर मला पहिल्यांदाच नोकरीच्या मुलाखतीला बोलावलं होतं, तेही व्हिडिओवर.

"टेन्शन नको घेऊस," नवरा म्हणाला. जुन्या लॅपटॉपवरचं विंडोज पुसून त्याने कधीच लिनक्स घातलं होतं. आता लॅपटॉपच्या पोटात मोबाईलच्या सिमवर चालणारं मोडेम कार्ड बसवायचं त्याने मनावर घेतलं. मी म्हटलं, माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावू. तर म्हणे, घरात स्वयंपाक असताना शेजारी जेवायला जायचं का?

तो स्वयंपाक काही शिजेना. कार्ड लिनक्सला दिसायचं, सिमही दिसायचं, पण रेंज पकडायचं नाव नाही. नवरा काळ्या पडद्यावर आज्ञा लिहीत बसायचा आणि कार्ड त्या आज्ञा आमच्या लेकीइतक्याच पाळायचं. मुलाखतीच्या दिवशीही तेच. मला रडू यायला लागलं. तुझ्या हौसेपायी माझी नोकरी जाणार, असं मी त्याला सरळ सुनावलं. "एकदा रीस्टार्ट करून बघतो," म्हणाला, आणि लॅपटॉप सुरू होईपर्यंत चहा टाकायला गेला.

तेवढ्यात मी फोनचा हॉटस्पॉट चालू केला, लॅपटॉप त्याला जोडला आणि फोन मांडीवर ओढणीखाली दडवला. चहा घेऊन आलेल्या नवऱ्याने पडद्यावर मुलाखतीची खिडकी पाहिली. "बघ, झालं की नाही चालू?" मी मान डोलावली. वाद घालायला वेळच नव्हता.

मुलाखत रंगात आली आणि ओढणीखालून फोनने बॅटरी संपत आल्याचा सूर काढला. समोरच्या बाईंनी नेमकं तेव्हाच विचारलं, "एवढ्या गॅपनंतर घर आणि काम, दोन्ही जमेल तुम्हाला?"

मी शब्द जुळवतेय तोवर नवरा, कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून, रांगत टेबलाखाली शिरला. हातात माझा चार्जर. ओढणी बाजूला करून त्याने फोनला पिन लावली, ओढणी पुन्हा नीट घातली आणि माझ्याकडे न बघता तसाच रांगत बाहेर गेला.

"जमेल," मी म्हणाले. "घरात माणूस आहे."