रत्नाबाईंचा जिना

बंगळूरच्या चिकपेटेत, आमच्या गल्लीत दोन दुकानांच्या मध्ये एक लाकडी जिना आहे. सतरा पायऱ्या, उभी चढण, कठडा नाही. वर रत्नाबाईंचं ब्लाउज शिवायचं दुकान, खाली माझं बटणं-लेसांचं. तीस वर्षं त्यांची पावलं माझ्या डोक्यावर वाजली, एवढ्याच अधिकारावर हे लिहितो आहे.

१९९५ साली त्यांचा उजवा स्तन काढावा लागला. हा शब्द माझ्याच्यानं लिहवत नव्हता; पण रत्नाबाई तो भर दुकानात उच्चारत, म्हणून लिहिला. ऑपरेशन चांगलं झालं. सहा महिन्यांनी मात्र उजवा हात सुजला आणि सूज उतरेना. काखेतल्या गाठी काढल्या की कधी कधी पाणी हातात साठून राहतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. हात जड झाला, खांदा वर चढला, चाल एका अंगाला कलली. त्या दोनदा पडल्या. एकदा बीटीएसच्या बसमधून उतरताना आणि एकदा याच जिन्यावर, चौथ्या पायरीवरून.

दुसऱ्या वेळी त्यांचा मुलगा संतोषकुमार बँकेतून धावत आला.

"आई, पुरे झालं. दसऱ्याची आयुधपूजा झाली की मशीन घरी न्यायचं आणि जागा सोडायची."

"घरी कोण येणार माप द्यायला? तुझा मॅनेजर?"

"चेष्टा नको. तुला जिना चढवत नाही."

"पूजेला तीन महिने आहेत. त्या दिवशी ये. आरतीचं ताट घेऊन, कुणाचा हात न धरता वर चढून दाखवते. नाही जमलं तर किल्ली तुझी."

"सरी, ठरलं," तो म्हणाला. हट्टात तो आईवरच गेलाय.

आपणही काही करावं असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी मी जिन्याच्या उजव्या भिंतीला खिळे ठोकून जाड दोर बांधला. रत्नाबाई तो धरून भराभर चढू लागल्या. मी खूश होतो.

दर गुरुवारी त्या हॉस्पिटलात व्यायामाला जात. तिथं शिल्पाश्री नावाची तरुण फिजिओथेरपिस्ट होती आणि असाच हात सुजलेल्या सात-आठ बायका. सूज दाबायला हातावर घट्ट रबरी बाही चढवायची, खांदे सैल सोडायचे, मग तोलाचे व्यायाम. एका पायावर उभं राहायचं. टाचेला अंगठा लावत रेषेवरून चालायचं. घडी घातलेल्या गादीवर डोळे मिटून उभं राहायचं. हात जड झालाय हे पायांना अजून उमगलेलं नाही, ते त्यांना शिकवायचं, असं ती सांगे.

रत्नाबाईंनी दुकानात शिंपीखडूनं भिंतीपासून भिंतीपर्यंत रेषा ओढली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की वरून हलकी पावलं ऐकू येत. मधेच धप्पकन आवाज होई आणि लगेच त्यांची हाक, "घाबरू नका अण्णा, खुर्ची पडली!"

गुरुवारच्या बायका सुजलेला हात पदराखाली लपवून येत, कारण ब्लाउजची बाही चढतच नसे. आमच्या पेठेत शिंपी एकाच हाताचं माप घेतात आणि कापड दुमडून दोन्ही बाह्या एकदम कापतात. रत्नाबाईंनीही जन्मभर तेच केलं होतं. आता त्या दोन्ही दंडांची मापं घेऊ लागल्या. डावी अकरा, उजवी चौदा. जमनाबाई नावाच्या एक होत्या, त्या तसला ब्लाउज घालून पदर खोचून भाचीच्या लग्नात वाढायला उभ्या राहिल्या.

पण रत्नाबाईंची सूज कमी होईना, उलट संध्याकाळी वाढे. पूजेला महिना राहिला असताना शिल्पाश्री स्वतःच्या ब्लाउजचं माप द्यायला आली आणि जिना बघून थांबली.

"हा दोर कुणी बांधला?" तिनं कन्नडमध्ये विचारलं. "सगळा भार सुजलेल्या हातावर येतोय. आणि दोर आहे तोवर पाय काही शिकायचे नाहीत."

"पहिल्यापासून आहे," रत्नाबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

मी लेस गुंडाळतच राहिलो. ती गेल्यावर मात्र कात्री घेऊन वरपर्यंत चढलो आणि दोर कापून काढला.

"दोरच कापलात अण्णा? म्हणजे आता लढण्यावाचून गत नाही!"

"चुकलं माझं, अक्का."

"राहू दे. स्वल्प बाजूला व्हा, मला चढू दे."

त्या दिवशी पाच पायऱ्यांनंतर खाली बसल्या, मग उठून पुढच्या चढल्या. पुढच्या आठवड्यात नऊ पायऱ्यांवर. मी गल्ल्यावरून बघत असे, उठत नसे. ते मला शिकायला लागलं.

आयुधपूजेच्या सकाळी गल्लीत दुकानांची दृष्ट काढून कोहळे फुटत होते. संतोषकुमार जिन्यापाशी हात पुढे करून उभा राहिला.

"हात खिशात घाल," रत्नाबाई म्हणाल्या.

डाव्या हातात ताट, ताटात पेटलेलं निरांजन. उजवा हात घट्ट बाहीत, सैल सोडलेला. चौथ्या पायरीवर त्या थांबल्या, ज्योत वाकडी झाली. त्यांनी खांदा खाली आणला, पाय नीट टेकवला आणि पुढं निघाल्या. नंतर कुठंच थांबल्या नाहीत.

वरून आवाज आला, "संतोष, वर ये, मशीनला कुंकू लावायचंय. आणि अण्णांकडून दोन मीटर तांबडी लेस आण, जमनाबाईंचा दिवाळीचा ब्लाउज राहिलाय!"

तो लेस घेऊन चढू लागला. सहाव्या पायरीवर त्याचा हात आपसूक भिंतीकडे गेला.

रत्नाबाई वरून बघतच होत्या. "गुरुवारी चल माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या.