तीस तासांचं बोलणं

माझे कान एका दिवसात गेले नाहीत. पिरंगुटच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला मी अठ्ठावीस वर्षं काढली. तिथं पत्रा दाबणाऱ्या मशीनचा दणका पाळीभर चालायचा, आणि कानात कापूस घालणाऱ्या माणसाला आम्ही नाजूक म्हणून हसायचो. निवृत्त झालो त्या सुमारास घरातली माणसं तोंडातल्या तोंडात का बोलतात म्हणून मी चिडायला लागलो. कानाचं मशीन आणलं. त्यातनं आवाज मोठा यायचा, पण शब्द सुटे व्हायचे नाहीत. सगळ्या बोलण्याचा नुसता गोळा कानावर आदळायचा.

बहिऱ्या माणसाला मान डोलवायची सवय लागते. दर वेळी 'काय?' म्हणून विचारायची लाज वाटते, मग समोरचा हसला की आपण हसायचं, तो थांबला की आपण मान हलवायची. अशीच मान हलवून मी एकदा चुलतभावाला माझ्या उभ्या भातातून ट्रॅक्टर न्यायची परवानगी देऊन बसलो. ट्रॅक्टर शेतात शिरला तेव्हा कुठं कळलं. भांडायला गेलो तर तो म्हणाला, तूच व्हय म्हणलास. म्हणालो होतोच.

आम्हाला एकच मुलगी. ती हिंजवडीत एका कंपनीत नोकरी करते, तिकडंच मैत्रिणींबरोबर राहते आणि शनिवारी आमच्या गावी, भऱ्याला, घरी येते. जून महिन्यात तिनं माझ्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. समोरचा माणूस बोलला की त्याचं बोलणं फोनवर मराठी अक्षरांत उमटायचं. फुकटचं ॲप आधी वापरून पाहिलं होतं, पण ते मराठीत फार गडबडायचं. हे पैसे भरायचं होतं, आणि खरोखर चांगलं होतं. आमच्या 'हाय'चं ते 'आहे' करायचं, 'न्हाई'चं 'नाही' करायचं, त्यामुळे सगळं गाव माझ्याशी शाळामास्तरांसारखं बोलतंय असं वाटायचं, पण अर्थ कळायचा. पहिल्या दिवशी मी ओट्यावर बसून शेजाऱ्यांची शेळीवरून चाललेली कटकट अर्धा तास वाचली. इतकं सुख मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

महिन्याला तीस तास, एवढं मुलीनं सांगितलं होतं. तीस तास संपल्यावर काय होतं हे मी विचारलं नाही. पाण्याची टाकी रिकामी झाली की नळ बंद होतो, तसं काहीतरी होत असेल असं मी धरून चाललो. आषाढात आमच्याकडं दारात उभं राहवत नाही इतका पाऊस पडतो. मी ॲप चालू ठेवून घरात बसायचो, दुपारी झोपायचो. पाऊस पडतोय एवढंसुद्धा ते लिहायचं नाही, नुसतं ऐकत बसायचं, आणि त्या ऐकण्याचे पैसे लागत होते. तीस तास संपल्यावर ते बंद पडलं नाही. ज्यादा वापराचा खटका त्यात पहिल्यापासून चालूच होता, आणि ज्यादा मिनिटाचा दर तीस तासांतल्या मिनिटापेक्षा चढा होता. मुलीच्या कार्डातून मूळ वर्गणीच्या चौपट पैसे गेले.

ती बिचारी काही बोलली नाही. ते तिच्या आईच्या बोलण्यात आलं, आणि आईनं मला पाटीवर लिहून दाखवलं. मला इतकी शरम वाटली की तिचं रूपांतर लगेच रागात झालं. मी भर घरात सांगितलं, आजपासून पोरीच्या कार्डावर ज्यादाचा एक रुपया जरी पडला, तरी हा फोन मी विहिरीत टाकीन. मी एकदा बोललो की मागं घेत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्याचा मला तेव्हा अभिमानही होता.

आता माझ्या बायकोविषयी सांगतो. ती आठवी शिकलेली. मी नोकरीत असतानाच तिनं घराच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत मेस सुरू केली, ती आजही चालू आहे. आसपासच्या कारखान्यांतली पंचवीस-तीस पोरं तिच्याकडं जेवतात. कुणी मराठवाड्याचं, कुणी बिहारचं. त्या शनिवारी तिनं मुलीला समोर बसवलं आणि ॲपचे नियम विचारायला सुरुवात केली. मी तिथंच बसलो होतो, फोन चालू होता, त्यामुळे तिचे प्रश्न मला वाचायला मिळाले. एवढे नेमके प्रश्न कारखान्यात आमच्या साहेबानं कधी विचारले नाहीत.

महिना एक तारखेला सुरू होतो की पैसे भरले त्या तारखेला? भरले त्या तारखेला, म्हणजे बारा तारखेला. उरलेले तास पुढच्या महिन्यात मिळतात का? नाही, वाया जातात. पाच सेकंद बोललं तर किती धरतात? अख्खं मिनिट. मग सारखं चालू-बंद करून उपयोग नाही, उलट तोटा. कुणी बोललंच नाही तर? तरी मोजतात. ज्यादाचे पैसे कधी घेतात? वर्गणी आधी, ज्यादाचे मागून. ज्यादाला मर्यादा घालता येते का? येते, आकडा टाकायचा, तो आला की ॲप थांबतं. आणि खटका पुरता बंद केला तर? मग तीस तास संपले की वाक्य अर्धं असलं तरी बंद.

सगळं ऐकून ती म्हणाली, "हे आपल्या मेससारखंच हाय की. मेंबरचे पैशे आदी. न जेवता ऱ्हायला तर तो त्याचा खाडा, त्याचे पैशे माघारी न्हाईत. आन पाव्हणा आणला तर पाव्हण्याचं ताट येगळं, ते म्हाग."

मुलगी हसायला लागली. कंपनीत दोन तासांच्या मीटिंगमध्ये ह्याच गोष्टी समजावतात, असं ती म्हणाली. मोठा प्लॅन घेते, असंही म्हणाली. आईनं नको म्हणून सांगितलं. तिच्या मते आमच्या घरात तीस तासांपेक्षा जास्त कामाचं बोलणं होतच नव्हतं, वाया जातं ते थांबवलं की पुरणार होतं. माझा शब्द राखायला तिनं ज्यादाचा खटका पुरता बंद करून टाकला.

पुढचे तीन महिने तिनं ते तीस तास असे चालवले की मी बघत राहिलो. मेसच्या पिठाचा अंदाज तिला मूठ न मोजता येतो, तसा ह्याचाही आला. डॉक्टरकडं जायच्या दिवशी एक तास, बँकेला अर्धा, भाऊ आला तर दीड. रोज संध्याकाळी जेवणं उरकली की आमच्या दोघांचा अर्धा तास. त्यात ती दिवसभराचं सांगायची, मेसच्या पोरांच्या गमती सांगायची, माझ्यावर चिडायची. महिना संपताना तासाभराच्या आतच शिल्लक राहायची. मला तर वाटतं, कारखान्याचं स्टोअर तिच्या हातात दिलं असतं तर मालकाचे लाखो वाचले असते.

मग दिवाळी आली. घर भरलं, बहिणी आल्या, भाचे आले, आणि प्रत्येकाला मामाशी ह्या ॲपवरून बोलून बघायचं होतं. मीही खुशीत होतो. बारा तारखेला सुरू झालेल्या महिन्यातले बावीस तास चोवीस तारखेलाच संपले. त्याच आठवड्यात जवळच्या रिहे गावाहून निरोप आला. मुलीला एक स्थळ पसंत होतं, मुलगा तिच्याच ओळखीतला. त्याच्या घरची माणसं बैठकीला येणार होती. दिवस ठरला रविवारचा, दहा तारखेचा. नवीन तास मिळायला त्यानंतर दोन दिवस होते.

बैठकीचं मला किती ओझं होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. एकुलत्या एका लेकीची बैठक, आणि बाप म्हणून मी तिथं मान डोलवत बसणार. कशाला हो म्हणतोय ते कळणार नाही, आणि ट्रॅक्टरासारखं काहीतरी लेकीच्या संसारात घुसेल. रोज सकाळी उठलं की हाच विचार यायचा.

त्याच दिवसांत बायको माझ्याशी बोलायची थांबली. पंचवीस तारखेपासून संध्याकाळचा अर्धा तास बंद झाला. मी फोन पुढं केला की ती हातानं नको म्हणायची. जेवायला बोलवायचं तर ताट दाखवायची. काही लागलंच तर मेसच्या फळ्यावर, आजची भाजी लिहितात त्याच्या खाली, खडूनं दोन शब्द लिहायची. बँकेत आणि डॉक्टरकडं मात्र फोन चालू करून माझ्या हातात द्यायची. मी उलटा अर्थ काढला. मला वाटलं, हीसुद्धा कंटाळली. लोकांची भातं झोडायची चालली होती, मी उगाच कुणाच्या तरी खळ्यावर जाऊन बसायचो आणि उशिरा घरी यायचो. मनातून फार दुखावलो होतो. आणि दुखावलो की मी तोंड पाडून बसतो, विचारत नाही.

बैठकीच्या दिवशी सकाळी तिनं फोन चार्ज करून पानाच्या तबकाशेजारी ठेवला. पाहुणे टेकले तसं तिनंच उभं राहून सांगितलं की ह्यांना ऐकू येत नाही, हे वाचतात, तेव्हा एका वेळी एकानं बोलायचं. आमच्याकडं बैठकीत बायका आधी बोलत नाहीत, त्यामुळे पाहुणे जरा दबकले. पण पंचवीस पोरांची पंगत रोज उठवणारी बाई ती. कोण मध्ये बोलायला लागला की ती नुसता हात वर करायची आणि तो थांबायचा. मी सगळं वाचत होतो. किती वर्षांनी मी चार माणसांत नीट बसलो होतो.

जेवणानंतर देण्याघेण्याचं बोलणं झालं, हॉल कुठला तेही झालं. मुलाचे चुलते तबकाजवळ बसले होते. पान घेता घेता ते शेजारच्याच्या कानाला लागले. हळू बोलले असणार, कारण कुणीच वळून पाहिलं नाही. पण फोन त्यांच्या गुडघ्यापाशी होता, आणि त्यानं इमानदारीत लिहून काढलं: नोकरीचं आत्ता काढू नका, चार महिन्यांत आपोआप सुटेल.

मी ते दोनदा वाचलं. मग म्हणालो, "पोरगी नोकरी सोडनार न्हाई. ते आत्ताच बोलून घिऊ."

चुलत्यांनी एकदा माझ्याकडं आणि एकदा फोनकडं पाहिलं. मुलानं लगेच सांगितलं की नोकरी सोडायची गोष्ट त्याच्या मनातही नाही, आणि तसं तो आधीच तिच्याशी बोललाय. त्याच्या वडलांनी चुलत्यांना चार शब्द सुनावले, तेही मला वाचायला मिळाले. मुलगी दाराशी उभी होती. तिनं माझ्याकडं जे पाहिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. सुपारी फुटली, साखर वाटली आणि चारच्या सुमारास पाहुणे निघाले. मुलगीही त्यांच्या मागोमाग हिंजवडीला गेली.

रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी असते. बायको मागं भांडी लावत होती. मी सहज बघायला गेलो, किती वेळ उरला. अकरा मिनिटं उरली होती. त्या पानावर रोजचा हिशोब असतो, आणि तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशी कोण काय बोललं तेही दिसतं. मी मागं मागं जात राहिलो. डॉक्टर, बँकेतला पोरगा, माझा भाऊ, गॅसवाला. सोळा दिवसांत तिचा एक शब्द नव्हता. सगळ्यांना वाटून तिनं स्वतःचं तेवढं बंद केलं होतं, मला लेकीच्या बैठकीत बसता यावं म्हणून. खटका चालू केला असता तर हे काहीच करावं लागलं नसतं. पण मी शब्द टाकून ठेवला होता, आणि माझा शब्द तिनं सांभाळला. मला स्वतःची चीड आली. मी तिथंच बसून रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मग मी माझं बँकेचं कार्ड काढलं. आकडे दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमले. मुलीचं कार्ड काढून तिथं माझं घातलं, ज्यादा वापराचा खटका चालू केला, आणि मर्यादेचा चौकोन रिकामा सोडला. मागं जाऊन तिला हाक मारली. ती हात पुसत आली. फोन पुढं केला तर तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारा तारीख दाखवली.

"कार्ड माजं घातलंय," मी म्हणालो. "बस. बोल."

ती बसली. आधी उरलेली मिनिटं कमी होताना बघत राहिली. मग फोनवर अक्षरं आली. तिचं बोलणं मी तिच्याच बोलीत लिहितो: "सोळा दिस लई भांडायचं साठवून ठिवलं हुतं. आता बसले तर एक बी आठवंना."

मी म्हणालो, आठव. ती आठवत राहिली. अकरा मिनिटं संपली आणि कोपऱ्यात ओळ आली, अतिरिक्त वापर सुरू. तिनं ती वाचली आणि बंद करायला हात पुढं केला. मी फोन माझ्याकडं ओढून घेतला.

"तुमी खळ्यावर जाऊन बसायचा," ती म्हणाली, "आन मी हितं ताट झाकून वाट बघायची. त्ये मला आजाबात आवडलं न्हाई." मग तिला एकेक आठवायला लागलं, आणि मी वाचत राहिलो.